मामा-भाच्याचं मशिन शॉप: नोंदणी, वकील आणि तिसरा भागीदार

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या मशिन शॉपचं हे प्रकरण आहे. भागीदार दोघं, मामा आणि भाचा. नावं देऊ नका असं त्यांनी सांगितलंय आणि ओळख पटू नये म्हणून काही आकडे मी थोडे बदललेत. बाकी सगळं घडलं तसं. त्यांचं जीएसटीचं आणि हिशेबाचं काम २०१७ पासून माझ्याकडे आहे. या प्रकरणात एक चूक माझीही आहे, ती पुढे येईल.

मामा मूळचे टर्नर. ऑईल इंजिनच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवली, मग एक जुना लेथ घेऊन भाड्याच्या गाळ्यात स्वतःचं सुरू केलं. २०१४ मध्ये भाचा डिप्लोमा करून आला आणि दोघांनी निम्मी-निम्मी भागीदारी केली. आज दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) टर्निंग मशिन, तीन लेथ, एक रेडियल ड्रिल आणि सात कामगार आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून कास्टिंग येतं, मशिनिंग होऊन परत जातं. वर्षाची उलाढाल साधारण १ कोटी ३० लाख.

१७ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. कित्येक वर्षं मागितलेली गोष्ट मिळाली होती, गावात दुसरा विषय नव्हता. त्याच आठवड्यात मामा माझ्याकडे आले. "ताई, हायकोर्ट आता दारात आलंय. त्या पंपवाल्यावर केस टाकू या."

पंपवाला म्हणजे जिल्ह्याबाहेरचा एक कारखानदार. डिसेंबर २०२२ ते जून २०२३ मधल्या कामाचे ९ लाख ८४ हजार रुपये त्याच्याकडे अडकले होते. मालात खोट निघाली नव्हती, बिलातून कपात सांगणारी डेबिट नोट आली नव्हती; "पुढच्या महिन्यात" एवढंच उत्तर. या बिलांवरचा जीएसटी मात्र आम्ही तेव्हाच भरून टाकला होता. आता भाच्याला ३४ लाखांचं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशिन) घ्यायचं होतं. त्याच्या पुण्याच्या मित्राने डोक्यात भरवलं होतं की आधी प्रायव्हेट लिमिटेड कर, मग बँक आणि मोठे ग्राहक दोन्ही मानाने वागवतात.

साडेनऊ-दहा लाखांचा दावा हायकोर्टात सुरू होत नाही, तो आधी जिल्ह्याच्या पातळीवरच जातो, हे मी मामांना समजावलं. मग भागीदारीचं पत्र मागवलं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून लिहून घेतलेलं, स्टँप पेपरवर, नोटरीचा शिक्का. सोबत रजिस्ट्रार ऑफ फर्म्सचा दाखला नव्हता. फर्मची नोंदणीच झालेली नव्हती.

मामांचा विश्वास बसेना. "आवं ताई, पॅनकार्ड फर्मचं, बँकेत खातं फर्मचं, जीएसटी नंबर फर्मचा, उद्यमचा कागद फर्मचा. मग फर्म रजिस्टर न्हाई म्हंजे काय?"

हा समज कोल्हापुरात जागोजागी आहे, आणि तो चुकीचा का आहे हे नीट सांगायला हवं. पॅन प्राप्तिकराचं, जीएसटी क्रमांक त्या कराचा, उद्यम नोंदणी सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून. यातलं काहीही म्हणजे १९३२ च्या भागीदारी कायद्याखालची नोंदणी नव्हे. ती नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसलेली फर्म बेकायदा नसते. ती धंदा करते, कर भरते, माल विकते. पण कलम ६९ तिचे हात बांधतं. करारातून येणारे पैसे वसूल करायला अशी फर्म तिऱ्हाइतावर दावा लावू शकत नाही. समोरचा मात्र तिच्यावर खुशाल लावू शकतो. भागीदारांचं आपसात बिनसलं तर फर्म मोडून हिशेब मागता येतो, पण चालू फर्ममधला करारातला हक्क दाव्याने मागता येत नाही.

माझी चूक इथे. हेच पत्र मी २०१७ मध्ये जीएसटी पोर्टलवर चढवलं होतं. पोर्टलला दाखला लागत नव्हता, म्हणून मीही तो कधी विचारला नाही. आठ वर्षं.

मग मदत शोधणं आलं. पहिला फोन भाच्याने ऑनलाईन कंपनी काढून देणाऱ्या एका सेवेला केला. तिकडच्या मुलीचा पहिला प्रश्न होता, "प्रायव्हेट लिमिटेड हवी की एलएलपी?" (एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी.) दुसरा प्रश्न पैसे कधी भरणार. थकीत बिलं, बँकेचं कर्ज, गाळ्याचा भाडेकरार, यातलं काही तिने विचारलं नाही. तिला दोष देत नाही. तिचं काम फॉर्म भरण्याचं आहे आणि ते ती व्यवस्थित करत असणार. पण फॉर्म कुठला भरायचा हे ठरवणं हे वेगळंच काम आहे, आणि ते भाच्याने स्वतःच करून यावं अशी तिची अपेक्षा होती.

मामांच्या ओळखीतून एक वसुलीवाला आला. वसूल होईल त्याचे वीस टक्के मागत होता. वसुली कशी करणार, हे सांगायला तयार नव्हता. त्याला दारातूनच परत पाठवा, असं मी स्पष्ट सांगितलं.

मग मामा गावातल्या एका नामांकित ज्येष्ठ वकिलांकडे गेले. फौजदारीत त्यांचं मोठं नाव आहे. त्यांनी दहा मिनिटं ऐकून घेतलं, चहा पाजला, एक पैसा घेतला नाही आणि म्हणाले, हे माझं काम नव्हे, तुम्हाला दिवाणी आणि व्यापारी कामं रोज करणारं माणूस पाहिजे. त्यांनी एका वकीलबाईंचं नाव दिलं. मला या प्रकरणात ज्यांचा सगळ्यात आदर वाटला, त्यांत हे गृहस्थ आहेत.

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत सल्ला दिलाच नाही, कागद मागितले: भागीदारीपत्र, पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), डिलिव्हरी चलनं, बिलं, बँकेचा उतारा, उद्यमचा दाखला, आणि पंपवाल्याच्या हातची काहीतरी लेखी कबुली. शेवटची गोष्ट का, तर मुदत. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा तीन वर्षांत लावावा लागतो. डिसेंबर २०२२ चं बिल डिसेंबर २०२५ मध्ये मुदतीबाहेर जाणार होतं, आणि ऑगस्ट संपत आला होता. पण मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून देणं कबूल केलं, तर तिथून तीन वर्षं नव्याने मोजली जातात.

असा कागद माझ्याच कपाटात होता. दर ३१ मार्चनंतर मी सगळ्या ग्राहकांना बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं पाठवते. बरेच जण परत पाठवत नाहीत. पंपवाल्याने एप्रिल २०२४ मध्ये सही-शिक्क्यानिशी पाठवलं होतं: ३१ मार्च २०२४ अखेर देणं ९,८४,०००. हिशेब जुळवायला म्हणून मागवलेला तो कागद होता. वकीलबाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "म्हणजे आपल्याला नोंदणी करायला वेळ आहे."

हे महत्त्वाचं होतं. कायद्याला फर्म दावा लावताना नोंदलेली लागते. काम त्याआधीचं असलं तरी चालतं. मात्र दावा आधी लावून नंतर नोंदणी केली, तर तो दावा टिकत नाही. म्हणून क्रम ठरला: आधी नवं भागीदारीपत्र आणि नोंदणी, मग नोटीस, मग वसुलीचा अर्ज.

फीचं त्यांनी कागदावर लिहून दिलं. पत्र आणि नोंदणीचे वेगळे, नोटिशीचे वेगळे, पुढची कार्यवाही झाली तर तिचे टप्प्याटप्प्याने. मामांनी व्यवहारी माणसासारखं विचारलं, वसुलीतला हिस्सा घ्या की, आम्हाला आत्ता जड जातंय. त्या म्हणाल्या, वकिलाला तसं घेता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट सांगितली, जी अनेक धंदेवाल्यांना माहीत नसते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत कायदेशीर मदत मागता येते. मामा-भाच्याला ते लागू नव्हतं. पण मी हे इथे लिहितेय, कारण माझ्याकडे येणाऱ्या खानावळवाल्या, शिवणकामवाल्या बायकांपैकी जवळपास कुणालाच ते ठाऊक नाही.

आता धंद्याचं स्वरूप. भाच्याचा जोर कंपनीवर होता, म्हणून मी आकडे मांडले. फर्मचा नफा, भागीदारांचा पगार धरण्याआधी, साधारण १४ लाख. फर्म असो की एलएलपी, कर सरसकट ३० टक्के आणि वर उपकर. भागीदारांच्या पगाराला मर्यादा आहे: पहिल्या ६ लाखांच्या ९० टक्के, उरलेल्याच्या ६० टक्के. म्हणजे १४ लाखांवर १० लाख २० हजार पगार वजा मिळतो आणि ३ लाख ८० हजारांवर सुमारे १ लाख १९ हजार कर बसतो. पगार मात्र दोघांत विभागल्यावर नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या सवलतीत बसतो, त्यावर काही लागत नाही. कंपनीत संचालकांच्या पगाराला अशी टक्केवारीची मर्यादा नाही, त्यामुळे कंपनीवर जवळजवळ करच उरला नसता. नुसता कर बघितला तर कंपनी पुढे होती, हे मी भाच्याला प्रामाणिकपणे सांगितलं.

पण कंपनीला एक रुपयाचाही धंदा नसला तरी ऑडिट लागतं. दरवर्षी पुण्याच्या कंपनी निबंधकांकडे विवरणं जातात, सभांची इतिवृत्तं ठेवावी लागतात. सीए आणि कंपनी सेक्रेटरी यांची फी धरली की वाचलेल्या करातला बराच भाग तिथे जातो. एलएलपीला ऑडिट उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेल्यावरच लागतं, पण यांची उलाढाल त्याच्या तिप्पट. वर विवरणं भरायच्या ३० मे आणि ३० ऑक्टोबर या दोन तारखा सांभाळायच्या.

भाचा म्हणाला, "मॅडम, खर्चाचं जाऊ दे. घरावर बोजा यायला नको म्हणून लिमिटेड पाहिजे." हा मुद्दा खरा होता. साध्या भागीदारीत फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेसकट जबाबदार असतो, आपल्या हिश्श्यापुरता नव्हे, सगळ्यासाठी. पण वकीलबाईंनी विचारलं: तुमची देणी आहेत कुणाची? सगळ्यात मोठं बँकेचं. बँक कंपनीला कर्ज देतानाही संचालकांची वैयक्तिक हमी लिहून घेते, म्हणजे तिथे लिमिटेड शब्दाचा फारसा उपयोग नाही. हत्यारं आणि इन्सर्टचे पुरवठादार, त्यांची बाकी दीड लाखांच्या आत. राहिला कामगाराला अपघात, तर त्याला विमा हवा, आणि पॉलिसीच्या तारखा बघितल्या तर ती मार्चमध्येच संपलेली होती. ती त्याच दिवशी संध्याकाळी भरली गेली. या प्रकरणातलं सगळ्यात घाईचं काम तेच होतं आणि ते कुणाच्या यादीत नव्हतं.

शिवाय कंपनी किंवा एलएलपी म्हणजे नवं पॅन, नवा जीएसटी क्रमांक, आणि मोठ्या फौंड्रींकडे नवा व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नव्याने नोंद. यांच्या दोन ग्राहकांकडे नवा कोड मिळायला महिने लागतात. तेवढे दिवस काम दुसऱ्याकडे जातं. पंपवाल्यावरचा दावाही जुन्या फर्मच्या नावाने. आणि फर्मचं एलएलपीत रूपांतर केलं तरी आधीच्या देण्यांतून भागीदारांची सुटका होत नाही. थकबाकी सुटून व्हीएमसी वर्षभर चालल्यावर एलएलपीचा विचार पुन्हा करायचा, आत्ता नोंदलेली भागीदारी, असं ठरलं. भाच्याला हे मनापासून पटलं असं मी म्हणणार नाही. त्याने मान्य केलं.

खरी चर्चा झाली ती वेगळ्याच प्रश्नावर. वकीलबाई मामांना म्हणाल्या, "राग मानू नका. उद्या तुम्हाला काही झालं तर फर्मचं काय?"

मामा ६३ वर्षांचे. दोन मुली, एक इचलकरंजीला दिलेली, एक पुण्यात. मामांचा समज, भाचा चालवेल. कायदा तसं म्हणत नाही. पत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म मोडते. आणि लिहिलेलं असलं तरी भागीदार दोनच असतील तर मागे राहतो एक. एकट्याची भागीदारी होत नाही. मामी आणि दोन्ही मुली वारस म्हणून मामांच्या हिश्श्याचा हिशेब मागणार, आणि तो त्यांचा हक्कच. भाच्याने मशिनं विकून तो द्यायचा का? हिशेब न मिटवता त्याने धंदा तसाच चालवला, तर वारसांना त्या काळातल्या नफ्यातला वाटा किंवा सहा टक्के व्याज मागता येतं. एकमेकांवर जीव असलेली घरं अशाच प्रश्नावर दुरावतात, मी दोन पाहिलीत.

उपाय तिसरा भागीदार. मामांनी लगेच मामींचं नाव घेतलं. मामी हजेरी आणि पगारवाटप वीस वर्षं बघतात, शनिवारचा पगार त्यांच्याच हातून जातो. मलाही ते योग्य वाटलं. वकीलबाईंनी घराचे कागद मागवले. मंगळवार पेठेतलं घर मामींच्या नावावर, त्यांच्या वडिलांकडून आलेलं. मामी भागीदार झाल्या की फर्मच्या देण्यासाठी ते घरही उघडं पडणार. आजवर ते सुरक्षित होतं ते मामी कागदावर नव्हत्या म्हणून.

मामी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग मी न्हाई. पर माझं आन् पोरींचं काय ते लिवून घ्या." त्यांचा सही करण्याचा मान गेला हे त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं. वीस वर्षांच्या कामाला कागदावर जागा मिळण्याची ती एकच वेळ होती.

तिसरी भागीदार झाली भाच्याची बायको. डिस्पॅच आणि बिलिंग तीच बघते, तिच्या नावावर स्थावर काही नाही. हिस्से ठरले मामा ४५, भाचा ४५, ती १०. नव्या पत्रात मृत्यूचं कलम तब्बल दीड पान झालं: फर्म चालू राहील; मामांच्या हिश्श्याचं मूल्य, मशिनं पुस्तकी किमतीने नव्हे तर बाजारभावाने धरून, त्रयस्थ मूल्यांककाकडून काढायचं; ती रक्कम वारसांना आठ तिमाही हप्त्यांत व्याजासह द्यायची; पहिला हप्ता तीन महिन्यांत. मामींसाठी त्यांच्या कामाचा मासिक पगार वेगळा, नोकरीचं पत्र देऊन, २०२५ च्या ऑक्टोबरपासून. याशिवाय निवृत्ती, भांडण झालं तर आधी मध्यस्थी आणि मग लवाद, पाच लाखांवरच्या खरेदीला मामा आणि भाचा दोघांची सही.

सहीपूर्वी वकीलबाईंनी एक अट घातली. त्या एकट्या दोन्ही बाजूंसाठी मसुदा लिहीत होत्या, म्हणून मामांनी आणि भाच्याने तो आपापल्या विश्वासातल्या माणसाला स्वतंत्रपणे दाखवायचा. मामांनी थोरल्या जावयाला दाखवला. बाजारभावाचा मुद्दा जावयानेच आणला, आधी तिथे पुस्तकी किंमत होती. दहा वर्षं घसारा लावलेल्या सीएनसीची पुस्तकी किंमत किती उरते हे मला माहीत आहे. त्या एका शब्दाने मामींच्या वाट्यात लाखांचा फरक पडला असता.

स्टँप ड्युटी भांडवलावर बसली, नोंदणीला उशिराचा थोडा दंड पडला, दाखला नोव्हेंबरमध्ये हातात आला. लगेच नोटीस गेली. तिच्यात तीन गोष्टी होत्या. सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचा २००६ चा कायदा, आणि उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज. १८० दिवसांत बिल न भागवणाऱ्या खरेदीदाराला त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट (करातली वजावट) व्याजासह उलटवावं लागतं, ही आठवण. आणि एप्रिल २०२३ नंतरच्या बिलांपुरतं, प्राप्तिकरात हा खर्च पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. यांची उद्यम नोंदणी २०२१ ची, म्हणजे कामाच्या आधीची, त्यामुळे याच कायद्याखाली थकीत पैशांचे वाद ऐकणाऱ्या फेसिलिटेशन कौन्सिलचा रस्ता खुला होता. कौन्सिलचा निवाडा विरोधात गेला तर त्याला आव्हान देण्याआधी खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. कौन्सिलपुढे नोंदणीचा मुद्दा कितपत चालला असता, असं मी विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, "समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो काढणार. त्याला ती संधी द्यायचीच कशाला?"

डिसेंबरमध्ये पंपवाल्याने साडेतीन लाख पाठवले, दोन हप्त्यांत. बाकी ६ लाख ३४ हजार आणि व्याजासाठी कौन्सिलकडे अर्ज गेला आहे. बँकेने व्हीएमसीचं कर्ज क्रेडिट गॅरंटी योजनेत बसवलं, मामींचं घर तारण न घेता. गाळ्यात फाउंडेशनचं खोदकाम सुरू आहे.

मी माझ्याकडच्या भागीदारी फर्मच्या सगळ्या फायली खाली काढल्या. चौदांपैकी पाच नोंदणी नसलेल्या निघाल्या, त्यांतल्या तीन दोघाच भागीदारांच्या. दोघांशी बोलणं झालंय, बाकीच्यांना या आठवड्यात बोलावलं आहे.